गेलेला खेळाडू आणि न वाजलेली शिट्टी

गेल्या अंकात डॅलस मॅव्हेरिक्स संघाने लूका डॉन्चिचला लॉस एंजेलिस लेकर्सकडे देऊन टाकले त्या व्यवहारावर एक टिपण छापले होते. अमेरिकेतल्या ‘एनबीए’ या बास्केटबॉल लीगमधल्या एका संघाच्या कारभाराबद्दल मराठी वाचक इतक्या पोटतिडकीने लिहितील, असे वाटले नव्हते. पत्रे टेक्सासमधून आली, तशीच नागपूर, सांगली आणि नागपाड्यातूनही आली. बहुतेकांच्या मनात दोनच सल आहेत : हातचा खेळाडू का घालवला, आणि पंचांची शिट्टी सगळ्यांसाठी सारखी का वाजत नाही. त्यांतले सहा प्रश्न निवडून येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही बारा वर्षे डॅलसजवळ राहतो. माझी मुलगी डॉन्चिचचा ७७ क्रमांकाचा टी-शर्ट घालून झोपायची. सौद्याची बातमी आम्हाला मध्यरात्रीनंतर कळली आणि सकाळी तिला कसे सांगावे, हेच आम्हा दोघांना कळेना. आता कूपर फ्लॅग संघात आल्यावर आमचे काही मित्र म्हणतात की झाले ते बरेच झाले. आमचा राग मात्र गेलेला नाही. तो रास्त आहे, की आम्ही भावनेच्या भरात बोलतो आहोत?
— एक वाचक, फ्रिस्को, टेक्सास

उत्तर : तुमचा राग रास्त आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि तो केवळ प्रेमापोटी आलेला नाही.

ज्यांना हा व्यवहार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २ फेब्रुवारी २०२५ च्या रविवारी, आपल्याकडे सकाळचे पावणेअकरा वाजत आले असताना ही बातमी आली, आणि ती देणाऱ्या पत्रकाराचे खातेच कोणीतरी ताब्यात घेतले असावे, असे अनेकांना वाटले. डॅलसने डॉन्चिच, मॅक्सी क्लेबर आणि मार्कीफ मॉरिस यांना लेकर्सकडे दिले आणि बदल्यात अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि लेकर्सची २०२९ सालची पहिल्या फेरीतील निवड घेतली. निवड म्हणजे दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू घेण्याचा हक्क. डॉन्चिच तेव्हा २५ वर्षांचा होता, डेव्हिस ३१ वर्षांचा. डॉन्चिच सलग पाच वर्षे लीगच्या सर्वोत्तम पाच खेळाडूंच्या संघात निवडला गेला होता आणि आठच महिन्यांपूर्वी त्याने डॅलसला अंतिम फेरीत नेले होते. दोघांचे पगार मात्र जवळपास सारखेच, ४३ दशलक्ष डॉलरच्या आसपास होते, त्यामुळे लीगच्या पगारमर्यादेच्या हिशेबात ही अदलाबदल सहज बसली. त्या दिवशी दोघेही जायबंदी होते : डॉन्चिच नाताळच्या दिवशी पोटरी दुखावल्यापासून खेळला नव्हता आणि डेव्हिसच्या पोटाचा स्नायू ताणला गेला होता.

पुढे काय झाले ते तुम्ही पाहिलेच आहे. ८ फेब्रुवारीला डेव्हिस ह्यूस्टनविरुद्ध पहिल्यांदा डॅलसकडून उतरला, २६ गुण आणि १६ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर ताब्यात घेतलेले चेंडू) अशी देखणी खेळी त्याने केली, आणि त्याच सामन्यात मांडीचा स्नायू दुखावून तो सहा आठवड्यांहून अधिक काळ बाहेर बसला. ३ मार्चला डॅलसचाच दुसरा मोठा खेळाडू कायरी अर्व्हिंग याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. संघ ३९ विजय आणि ४३ पराभवांवर थांबला आणि मेम्फिसकडून हरून मुख्य स्पर्धेबाहेर गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये, नव्या मोसमातल्या अकरा सामन्यांपैकी तीनच जिंकलेले असताना, सरव्यवस्थापक निको हॅरिसन यांना मालकांनी पदावरून दूर केले.

परंतु दुखापती घडल्या म्हणून हा निर्णय चुकीचा ठरतो, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे हॅरिसन यांच्यावर अन्याय करणारे होईल. डॉन्चिचच्या वजनाबद्दल आणि तंदुरुस्तीबद्दल त्यांना चिंता होती, शिवाय उन्हाळ्यात त्याला पाच वर्षांसाठी ३४५ दशलक्ष डॉलरच्या आसपासचा करार द्यावा लागणार होता. ही चिंता खोटी नव्हती. बचाव भक्कम असेल तरच विजेतेपद मिळते, हे त्यांचे म्हणणेही बास्केटबॉलमध्ये जुने आणि प्रतिष्ठित आहे. चूक दिसते ती व्यवहार ज्या रीतीने झाला तिच्यात. एवढ्या तोलाचा खेळाडू बाजारात आहे, हे लीगमधल्या इतर संघांना कळूच दिले गेले नाही. बोलणी झाली ती जवळजवळ महिनाभर, गुपचूप, आणि एकट्या लेकर्सशी, ज्यांचे प्रमुख रॉब पेलिंका हे हॅरिसन यांचे जुने परिचित. घर विकायचे असेल तर आपण चार जणांना दाखवतो आणि चौघांचे आकडे ऐकतो. येथे एकाच गिऱ्हाइकाला दार उघडले गेले, आणि त्याच्याकडून पहिल्या फेरीची एकच निवड घेऊन सौदा मिटला. हे त्या रात्रीच, कोणाचा स्नायू दुखावण्याआधी, दिसत होते.

आता फ्लॅगबद्दल. त्याला डॅलसने ड्राफ्टमधल्या पहिल्या क्रमांकाच्या निवडीवर घेतले. मे २०२५ मध्ये सोडतीत ही निवड मिळाली तेव्हा ती मिळण्याची शक्यता १.८ टक्के होती. एवढ्या बारीक फटीतून आलेले दान हे सौद्याच्या खात्यावर जमा करता येणार नाही. तुमच्या मुलीने फ्लॅगवर जीव लावला तर आनंदच आहे, पण त्यासाठी डॉन्चिचला विसरण्याची गरज नाही. त्या रविवारी डॅलसमधले लोक स्टेडियमबाहेर डर्क नोविट्स्कीच्या पुतळ्यापाशी फुले ठेवून गेले, काहींनी तर शवपेटी आणली. एकाच संघाकडून २१ मोसम खेळलेल्या माणसाच्या पायाशी त्यांनी दुःख नेऊन ठेवले, यातच त्यांना काय हवे होते ते आले.

प्रश्न : कोणताही सौदा नंतर चुकीचा दिसतोच. तेव्हा निर्णय घेणाऱ्याला पुढचे कसे दिसणार? ब्रुकलिन आणि क्लिपर्सच्या सौद्यांनाही लोक आज हसतात. मग डॅलसलाच वेगळे का काढायचे?
— एक वाचिका, नागपूर

उत्तर : तुमचा मुद्दा योग्य आहे आणि तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणे मोलाची आहेत, कारण ती एका माळेत ओवण्यासारखी नाहीत.

२०१३ मध्ये ब्रुकलिन नेट्सने बॉस्टनकडून केव्हिन गार्नेट, पॉल पियर्स आणि जेसन टेरी यांना घेतले. गार्नेट ३७ वर्षांचा होता आणि पियर्स ३५ वर्षांचा. बदल्यात बॉस्टनला २०१४, २०१६ आणि २०१८ या वर्षांच्या पहिल्या फेरीतल्या निवडी आणि २०१७ मध्ये निवडींचा क्रम बदलून घेण्याचा हक्क मिळाला. वय वाढत जाणार आणि संघ खालावत जाणार हे उघड असताना पुढच्या पाच वर्षांचे बियाणे देऊन टाकणे, ही चूक त्याच वेळी मोजता येत होती. त्या निवडींतून बॉस्टनला २०१६ मध्ये जेलन ब्राउन आणि २०१७ मध्ये, पहिला क्रमांक फिलाडेल्फियाला देऊन तिसऱ्यावर उतरल्यावर, जेसन टेटम मिळाला. २०२४ च्या अंतिम फेरीत डॉन्चिचच्या डॅलसला ४–१ असे हरवणारा संघ याच दोघांचा होता, आणि त्या फेरीतला सर्वोत्तम खेळाडू ब्राउन ठरला. ब्रुकलिनच्या अकरा वर्षांपूर्वीच्या निर्णयाची झळ शेवटी डॅलसलाही लागली.

क्लिपर्स या लॉस एंजेलिसच्याच दुसऱ्या संघाची गोष्ट निराळी आहे. २०१९ च्या जुलैमध्ये त्यांनी पॉल जॉर्जसाठी ओक्लाहोमा सिटीला शे गिलजस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीच्या पाच निवडी आणि दोन निवडींचा क्रम बदलण्याचा हक्क दिला. आज हा आकडा वाचून डोके धरावेसे वाटते, कारण गिलजस-अलेक्झांडर २०२५ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू आणि अंतिम फेरीचाही सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि त्याच्या शेजारी खेळणारा जेलन विल्यम्स हा क्लिपर्सकडूनच आलेल्या निवडीवर घेतलेला. तरीही त्या वेळी कवाई लेनर्ड क्लिपर्सकडे येण्याचा विचार करत होता आणि जॉर्जला आणले तरच तो येईल, अशी स्थिती होती. एका खेळाडूचा नव्हे, दोन मोठ्या खेळाडूंचा सौदा होता तो. किंमत जबर दिली, पण का दिली हे सांगता येत होते. त्या निर्णयाचा पश्चात्ताप होऊ शकतो, त्याला दोष देणे मात्र मला जमत नाही.

तेव्हा निर्णय घेणाऱ्याने त्या दिवशी उपलब्ध माहिती नीट तोलली का, एवढेच विचारावे. त्या कसोटीवर ब्रुकलिन चुकले, क्लिपर्स दुर्दैवी ठरले, आणि डॅलसने मालाची किंमतच बाजारात विचारली नाही. सौद्यानंतर अडीच महिन्यांनी हॅरिसन यांनी पत्रकारांसमोर मान्य केले की डॉन्चिच चाहत्यांना प्रिय आहे हे त्यांना माहीत होते, पण किती प्रिय आहे याचा अंदाज नव्हता. ज्या माणसाच्या हाती संघ आहे, त्याच्या तोंडचे हे वाक्य मला सगळ्यांत अधिक खटकले.

आणि डॅलसच्या चाहत्यांना सौद्याचे दान कसे पडते, हे कोणी शिकवायला नको. १९९८ मध्ये मिलवॉकीने निवडलेला नोविट्स्की त्यांच्याकडे आला तो रॉबर्ट ट्रेलरच्या बदल्यात, आणि खुद्द डॉन्चिचही २०१८ च्या ड्राफ्टच्या दिवशी अटलांटाकडून ट्रे यंगच्या बदल्यात आला होता.

प्रश्न : मी नागपाड्यात लहानाचा मोठा झालो, बास्केटबॉल रक्तात आहे. मोठ्या संघांना आणि मोठ्या खेळाडूंना पंच झुकते माप देतात हे आम्ही वर्षानुवर्षे पाहतो. २००६ ची अंतिम फेरी तर डॅलसकडून हिसकावूनच घेतली. तुम्ही यावर कधी लिहीत नाही.
— एक वाचक, मुंबई

उत्तर : आज लिहितो, आणि तुमच्या भावनेचा आदर ठेवून असहमतीही नोंदवतो.

२००६ मध्ये डॅलस २–० ने पुढे होता आणि मायामीने पुढचे चारही सामने जिंकले. पाचव्या सामन्यात मायामीच्या ड्वेन वेडला एकट्याला २५ फ्री थ्रो (फाऊल झाल्यावर मिळणाऱ्या बिनअडथळा फेकी) मिळाले आणि संपूर्ण डॅलस संघालाही तेवढेच, २५. मायामी संघाचे एकूण ४९ होते. सामना जादा वेळेत १०१–१०० असा संपला आणि शेवटचे गुण वेडच्या फ्री थ्रोचेच होते. डॅलसचे तेव्हाचे मालक मार्क क्यूबन यांना त्या सामन्यानंतरच्या वागणुकीबद्दल अडीच लाख डॉलर दंड झाला. हे आकडे वाचून मनात शंका आली नाही तरच नवल. परंतु तिसऱ्या सामन्यात शेवटच्या क्षणी नोविट्स्कीचा एक फ्री थ्रो हुकला होता, तो कोणत्याही पंचाने हुकवला नव्हता. वेड प्रत्येक वेळी बचाव भेदून बास्केटखाली घुसत होता, तर डॅलस बराच वेळ लांबून उडी मारून फेकत होते. लांबून फेकणाऱ्याला धक्का कमी बसतो आणि शिट्टीही कमी वाजते. ४९ आणि २५ यांतला सगळा फरक यातून समजत नाही, पण बराचसा समजतो.

पक्षपात आणि विसंगती हे दोन वेगळे आरोप आहेत, आणि चाहते रागाच्या भरात दोन्ही एकत्र करतात. पक्षपात म्हणजे पंचाला एखादा संघ जिंकायला हवा असणे. त्याचा सिद्ध झालेला डाग एकच आहे : टिम डोनेही. १३ मोसम पंचगिरी केलेल्या या माणसाने स्वतः काम केलेल्या सामन्यांवरही पैजा लावल्या होत्या. २००७ मध्ये हे उघड झाले आणि पुढच्या वर्षी त्याला १५ महिन्यांची कैद झाली. त्या प्रकरणाने लोकांचा विश्वास असा काही गेला की आज कोणत्याही चुकीत लोकांना डाव दिसतो.

विसंगतीचा आरोप मात्र मला पूर्णपणे मान्य आहे. पहिल्या सत्रात हातावर हलका हात लागला तरी फाऊल, आणि चौथ्या सत्रात खांद्याने ढकलले तरी खेळ चालू, हे प्रत्येकाने पाहिले आहे. याहून गंभीर गोष्ट २०२४ मध्ये घडली. मोसमाच्या मध्यावर, फेब्रुवारीनंतर, फाऊल आणि गुण दोन्ही अचानक कमी झाले. चढाई करणाऱ्याला फाऊल फार सहज मिळत होते म्हणून पंचांना सूचना दिल्या गेल्याचे लीगने नंतर मान्य केले. सूचना चांगलीच होती. पण अर्धा मोसम एका मापाने आणि अर्धा दुसऱ्या मापाने खेळवायचा असेल, तर ते खेळाडूंना, प्रशिक्षकांना आणि तिकीट काढून येणाऱ्या माणसाला आधी सांगायला हवे होते.

हिशेब मागितला की पंचगिरी सुधारते, याला चांगला दाखला आहे. जोसेफ प्राइस आणि जस्टिन वुल्फर्स या अर्थतज्ज्ञांनी १९९१ ते २००४ या काळातल्या सामन्यांचा अभ्यास करून दाखवले की पंच आपल्या वंशाच्या खेळाडूंवर किंचित कमी फाऊल देत होते. फरक बारीक होता आणि बहुधा नकळत होणारा होता. २००७ मध्ये त्याला वृत्तपत्रांतून मोठी प्रसिद्धी मिळाली, आणि नंतरच्या वर्षांचा अभ्यास केला तेव्हा तो फरक नाहीसा झालेला आढळला. पंचांना कोणी वेगळे प्रशिक्षण दिले म्हणून हे झाले नाही. लोक पाहत आहेत, एवढे कळणे पुरेसे झाले.

प्रश्न : मी नुकतीच राज्य पातळीची पंच परीक्षा दिली आहे. क्रिकेटमध्ये पंचाने बाद दिले नाही तरी तिसऱ्या पंचाकडे दाद मागता येते. मग एनबीएमध्ये न दिलेल्या फाऊलसाठी दाद का मागता येत नाही?
— एक वाचिका, सांगली

उत्तर : तुमच्या मनात २७ एप्रिल २०२५ चा डेट्रॉइट आणि न्यूयॉर्क यांचा सामना असावा. न्यूयॉर्क ९४–९३ ने पुढे होते. शेवटच्या क्षणी टिम हार्डवे ज्युनियरने थ्री-पॉइंटरसाठी उडी घेतली आणि जॉश हार्ट अंगानिशी त्याच्यावर जाऊन आदळला. शिट्टी वाजली नाही. वाजली असती तर तीन फ्री थ्रो मिळाले असते आणि जिंकायला दोन पुरले असते. सामन्यानंतर प्रमुख पंचांनीच सांगितले की चित्रफीत पाहिल्यावर तो फाऊल द्यायला हवा होता. हार्डवे आदल्या वर्षापर्यंत डॅलसकडेच होता, त्यामुळे डॅलसच्या लोकांनाही ते झोंबले.

२०१९–२० च्या मोसमापासून प्रशिक्षकाला एका निर्णयाला आव्हान देता येते, आणि २०२३–२४ पासून पहिले आव्हान यशस्वी झाले तर दुसरेही मिळते. त्यासाठी टाइम-आउट शिल्लक असावा लागतो. पण आव्हान देता येते ते वाजलेल्या शिट्टीला. न वाजलेल्या शिट्टीला देता येत नाही. क्रिकेटमध्ये प्रत्येक चेंडूनंतर खेळ आपोआप थांबतो, म्हणून नाबादच्या निर्णयावर दाद मागितली तरी कोणाचे काही बिघडत नाही. बास्केटबॉलमध्ये फाऊल नाही असे म्हणून पंच गप्प राहिला की खेळ दुसऱ्या टोकाला पोचलेला असतो, तेथे बास्केटही पडलेली असते. ती रद्द करून मागे जायचे का? एका सामन्यात न वाजवलेले धक्के शंभरावर असतात, त्यांतल्या कोणत्या धक्क्यासाठी थांबायचे? नियम करणाऱ्यांची ही अडचण खरी आहे.

तरीही एक जागा अशी आहे जेथे ही अडचण उरत नाही. घड्याळ शून्यावर आल्यावर हवेत असलेल्या फेकीच्या वेळी खेळ आपोआपच संपलेला असतो. तेवढ्या एका प्रसंगी न दिलेला फाऊल तपासण्याची मुभा द्यावी, असे मला मनापासून वाटते. सध्या लीग २०१५ पासून अटीतटीच्या सामन्यांच्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध करते. कोणता निर्णय बरोबर, कोणता चूक, कोणती शिट्टी वाजायला हवी होती, हे त्यात एकेक करून लिहिलेले असते. निकाल बदलत नाही. पंचांच्या संघटनेला हा अहवाल कधीच आवडला नाही, पण तुमच्यासारख्या नव्या पंचाने तो नियमित वाचावा, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : पंचांची चूक मान्य करून निकाल बदलल्याचे किंवा सामना पुन्हा खेळवल्याचे उदाहरण आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आहे, आणि त्यात अदलाबदल आणि पंचगिरी असे दोन्ही विषय एकत्र आले आहेत.

१९ डिसेंबर २००७ रोजी अटलांटा आणि मायामी यांच्या सामन्यात जादा वेळेत शकील ओनीलला सहावा फाऊल झाल्याचे सांगून बाहेर काढले गेले. प्रत्यक्षात तो पाचवाच होता. फाऊल पंचांनी बरोबर दिले होते, गुणलेखकाच्या टेबलावर नोंद चुकली होती. लीगने मायामीचा निषेध मान्य केला, अटलांटाला ५०,००० डॉलर दंड केला आणि राहिलेले ५१.९ सेकंद ८ मार्च २००८ रोजी पुन्हा खेळवले. तोपर्यंत ओनीलची फीनिक्सशी अदलाबदल झाली होती. ज्याच्यासाठी सामना पुन्हा खेळवला तो खेळाडूच मैदानावर नव्हता. त्या ५१.९ सेकंदांत कोणालाच गुण मिळाला नाही आणि अटलांटा ११४–१११ ने जिंकले.

डॅलसचा निषेध मात्र फेटाळला गेला. २२ मार्च २०२३ रोजी गोल्डन स्टेटविरुद्ध टाइम-आउटनंतर चेंडू कोणाचा, याबद्दल गोंधळ झाला. डॅलसचे पाचही खेळाडू आपला चेंडू समजून दुसऱ्या टोकाला उभे राहिले आणि गोल्डन स्टेटने मोकळ्या बास्केटमध्ये दोन गुण केले. सामना १२७–१२५ असा, नेमक्या दोन गुणांनी, गेला. निषेध ४८ तासांत, १०,००० डॉलर भरून करावा लागतो. पंचाच्या नजरेच्या चुकीवर तो मान्य होत नाही, नियम चुकीचा लावला असे दाखवावे लागते. अशा निषेधांना यश फार क्वचित येते.

ओनीलची ही गोष्ट मला जवळची वाटते. पंच होण्याआधी मी जिल्हा स्पर्धांत टेबलावर बसत असे. तेथे आंतरराष्ट्रीय नियम, म्हणजे पाच फाऊलला खेळाडू बाहेर. गुणपत्रिकेवर प्रत्येक नावापुढे पाच बारीक चौकोन असतात, पहिल्या आणि तिसऱ्या सत्राच्या नोंदी लाल पेनाने आणि दुसऱ्या-चौथ्याच्या निळ्या पेनाने करायच्या. एका आंतरशालेय सामन्यात पंचांनी बोटांनी दाखवलेला क्रमांक मी चुकीचा वाचला आणि एका मुलाचा फाऊल दुसऱ्याच्या चौकोनात लिहिला. पाचवा चौकोन भरला आणि तो मुलगा बाहेर गेला. त्याने वाद घातला नाही. बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि टॉवेल डोक्यावर घेतला. सामना संपल्यावर गुणपत्रिकेवरच्या लाल खुणा मोजताना माझी चूक माझ्याच लक्षात आली. मी त्याच्या प्रशिक्षकांना जाऊन सांगितले. ते म्हणाले, “मला नाही, त्याला सांगा.” मी त्याला सांगितले. संघ चार गुणांनी हरला होता. तेव्हापासून प्रत्येक फाऊलनंतर पंचांकडून क्रमांक पुन्हा विचारून घेतल्याशिवाय मी पेन टेकवले नाही.

प्रश्न : डॉन्चिच सतत पंचांशी हुज्जत घालतो आणि म्हणूनच डॅलसने त्याला काढले, असे माझा भाऊ म्हणतो. हे खरे आहे का?
— एक वाचिका, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : सौद्याची जी कारणे पुढे आली ती तंदुरुस्ती, बचाव आणि येऊ घातलेला मोठा करार ही होती. पंचांशी हुज्जत हे कारण म्हणून कोणी दिले नाही. तुमच्या भावाचे निरीक्षण मात्र चुकीचे नाही. डॉन्चिच फाऊल मागत उभा राहतो आणि तेवढ्यात प्रतिस्पर्धी पाच विरुद्ध चार असा पलीकडे पोचलेला असतो, हे त्याच्यावर जीव टाकणाऱ्यांनीही कबूल करायला हवे. २०२४ च्या अंतिम फेरीतल्या तिसऱ्या सामन्यात डॅलसने २१ गुणांची पिछाडी तीनवर आणली असताना, ४ मिनिटे १२ सेकंद उरलेली असताना, त्याला सहावा फाऊल झाला. डॅलसने आव्हान दिले, ते फेटाळले गेले, आणि बॉस्टन १०६–९९ ने जिंकले. तो निर्णय मी अनेकदा पाहिला आहे. फाऊल होता. पण आधीचे दोन-तीन धक्के त्याने टाळले असते, तर हा सहावा ठरलाच नसता.

दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. ८ एप्रिल २०२५ रोजी ओक्लाहोमा सिटीत, लेकर्सकडून खेळताना, चौथ्या सत्रात बास्केट केल्यावर तो काहीतरी बोलला. पंचांना वाटले ते त्यांना उद्देशून होते. दुसरा टेक्निकल, म्हणजे गैरवर्तनाबद्दलचा, फाऊल देऊन त्यांनी त्याला बाहेर पाठवले. आपण बाजूला बसलेल्या एका प्रेक्षकाशी बोलत होतो, असे त्याने सांगितले. ज्याची हुज्जत सर्वांना ठाऊक आहे, त्याच्या शब्दाचा अर्थ पंच आधीच लावून मोकळे होतात, आणि विसंगती शिरते ती अशा जागी. जे दुसऱ्या खेळाडूला चालले असते ते त्याला चालले नाही.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ९ एप्रिलला, तो पाहुण्या संघाचा खेळाडू म्हणून पहिल्यांदा डॅलसच्या मैदानावर आला. प्रत्येक खुर्चीवर स्लोव्हेनियन भाषेत ‘सगळ्यासाठी धन्यवाद’ असे लिहिलेला टी-शर्ट ठेवलेला होता. त्याच्या सात वर्षांची चित्रफीत पडद्यावर लागली आणि तो बाकावर बसून, टॉवेलने तोंड पुसत, रडला. मग खेळायला उठला. पहिल्या अर्ध्यात ३१ आणि एकूण ४५ गुण केले. लेकर्सने ११२–९७ असा सामना जिंकला, आणि हरलेल्या संघाच्या प्रेक्षकांनी उभे राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या.